कंबरभर पाणी आणि उसनी फिन

हॅम्बुर्गहून निघताना बायकोने एकच विचारलं होतं, "तिथे पाणी किती खोल आहे ते बघितलंस ना?" मी विंडसर्फिंग करतो, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभा राहून वाऱ्याने पळतो, म्हणून मी फक्त वारा बघितला होता. चारही दिवस पश्चिमेचा, १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर. असा वारा दिसला की मला पुढचं काही सुचत नाही. शिवाय नावात 'फ्योर्ड' होतं. म्हणजे नॉर्वेसारखे उभे कडे आणि खाली काळंभोर अथांग पाणी, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचा रिंगक्योबिंग फ्योर्ड तसा अजिबात नाही. जवळपास ३०० चौरस किलोमीटरचं ते एक उथळ खाजण आहे आणि त्याची सरासरी खोली दोन मीटरसुद्धा भरत नाही. पलीकडे उत्तर समुद्र, अलीकडे हे पाणी आणि दोघांच्या मध्ये वाळूच्या टेकड्यांची लांबच लांब चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर व्हिदे सांदे नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. समुद्राचं पाणी किती आत घ्यायचं आणि किती बाहेर सोडायचं हे तिथल्या, १९३१ साली बांधलेल्या दरवाजांवरून ठरतं. वसंतात त्या दरवाजांपाशी लोक खांद्याला खांदा लावून हेरिंग मासे गळाला लावत उभे असतात म्हणे. आम्ही जूनच्या अखेरीस गेलो, तेव्हा तिथे फक्त समुद्रपक्षी आणि आईस्क्रीमची रांग होती.

चार तासांचा रस्ता, कुठेही टोल नाही, लेक मागे झोपलेली. भाड्याच्या घराला गवताचं छप्पर होतं आणि आत सरपणाचा वास. मला अशी घरं फार आवडतात. सामान आत टाकलं आणि तासाभरात मी पाण्यावर होतो.

पाण्यावर म्हणजे पाण्यात. काठापासून तीनशे मीटर चाललो तरी पाणी कमरेच्या वर येईना. आजूबाजूला पन्नासेक माणसं अशीच कंबरभर पाण्यात उभी, कुणी शीड उचलतंय, कुणी गप्पा मारतंय. मला हर्णैची आठवण झाली. तिथे मासळी उतरवायला बैलगाड्या अशाच पाण्यात चालत जातात, आणि लहानपणी मला वाटायचं, समुद्र एवढाच असतो, बैलाच्या पोटाला लागेल इतका.

माझा बोर्ड फॉइलचा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोर्डाच्या खाली शेपटाशी एक उभी दांडी लावतात, माझी ८५ सेंटिमीटरची आहे. तिच्या टोकाला विमानाचा सांगाडा असावा तसं काहीतरी असतं, पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. वेग आला की ते पंख अख्खा बोर्ड माणसासकट पाण्याच्या वर उचलतात. लाटांचा धक्का लागत नाही, आवाज जवळजवळ बंद होतो. गेली तीन वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. पण ह्या सगळ्याला खाली निदान सव्वा मीटर पाणी लागतं.

शेवटी छातीभर पाणी सापडलं, बोर्ड आडवा धरून नेला होता तो सरळ केला आणि निघालो. दोन मिनिटं सुंदर उडालो. मग वाळूचा उंचवटा आला, तो मला दिसलाच नाही. फॉइल जागच्या जागी थांबलं आणि मी नाही थांबलो. कमरेच्या हार्नेसचा आकडा बूमच्या, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीच्या, दोरीत अडकलेला होता, त्यामुळे शिडासकट पुढे फेकला गेलो, बरगडीवर आपटलो. उभा राहिलो तर पाणी मांडीला. पंखाची पुढची कड अंगठ्याच्या नखाएवढी उडालेली. कार्बनचे धागे बाहेर आलेले दिसले आणि पोटात खड्डा पडला.

इथे एक तक्रार करायचीच आहे. हा बोर्ड घेताना दुकानदाराने मला छातीठोक सांगितलं होतं, "जुन्या फिन विकून टाका, एकदा फॉइल घेतलं की कुणी मागे येत नाही." फिन म्हणजे साध्या बोर्डाच्या शेपटाखाली बसतं ते पातं. मी चांगल्या तीन फिन विकल्या. राग त्यांच्या धंद्याचा नाही, धंदा त्यांनी करावा. पण माणूस कुठल्या पाण्यात जाणार आहे हे न विचारता असा सल्ला देणं चूक आहे. पाणी सगळीकडे खोल नसतं, आणि जिथे ते उथळ असतं तिथली मजा वेगळीच असते, हे मला त्या एका वाक्यामुळे तीन वर्षं उशिरा कळलं.

अवजारांच्या डब्यात एक फिन उरली होती, कुणी विकत घेतली नाही म्हणून. ३० सेंटिमीटरची, मागे खूप कललेली, पाणवनस्पती अडकू नये म्हणून असते तशी. तिचं डोकं टटल पद्धतीचं. कॅलिफोर्नियातल्या लॅरी टटल यांच्या नावावरून ही पद्धत ओळखली जाते. डोक्याला पुढून-मागून उतार, ते पाचरीसारखं खाचेत बसतं आणि वरून दोन बोल्ट आवळतात. माझ्या बोर्डाची खाच त्याच घराण्यातली, पण खोल. फिन बसली आणि वर पोकळी राहिली, बोल्ट पोचेनात. फॉइलचे बोल्ट ८ मिलिमीटरचे, फिनला लागतात ६ चे. मी आगपेटीच्या काडीने खोली मोजली, नखाने खूण केली आणि सकाळी बंदरातल्या बोटसामानाच्या दुकानात ती काडी दाखवून स्टेनलेसचे लांब बोल्ट आणि मोठे वायसर घेतले. दुकानातल्या बाईंनी काडी हातात घेऊन नीट पाहिली, पट्टी लावली, आणि एक बोल्ट जास्तीचा दिला, पाण्यात पडतोच म्हणून.

त्या छोट्या फिनवर मी जो दिवस काढला तो विसरायला आवडेल. वारा १८ नॉट, शीड साडेसहा चौरस मीटरचं, सगळं जुळलेलं. बोर्ड वेग घ्यायचा, मी मागच्या पायाने रेटा द्यायचो आणि पायाखालचं सगळं एकदम पोकळ व्हायचं. शेपूट वाऱ्याच्या दिशेने सरकत निघून जायचं, ओल्या फरशीवर पाट सरकावा तसं. बोर्ड आडवा, शीड पाण्यात, मी त्यावर. आठ-दहा वेळा हेच झालं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढणं तर जमेचना, प्रत्येक फेरीला पन्नास पावलं खाली वाहत जायचो आणि बोर्ड ओढत चालत वर यायचो. त्या दिवशी उथळ पाण्याचे मनापासून आभार मानले.

संध्याकाळी गोड्या पाण्याच्या नळाशी शीड धूत होतो. शेजारी एक सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ त्यांचा बोर्ड धुवत होते. डेन लोक आपणहून बोलत नाहीत हा माझा अनुभव आहे, आणि तो मला आवडतो. त्यांनी माझा बोर्ड पाहिला, फिन पाहिली, पुन्हा बोर्ड पाहिला. मग हाताचे दोन तळवे बोर्डाच्या दोन कडांवर ठेवले आणि जर्मनमध्ये म्हणाले, "८५?" मी हो म्हटलं, बोर्डाची रुंदीही ८५ सेंटिमीटरच आहे. त्यांनी माझ्या फिनकडे बोट दाखवून मान हलवली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पाय बोर्डाच्या मध्यावर नसतात, पट्ट्यांमध्ये असतात, अगदी कडेला. रुंद बोर्ड म्हणजे लांब दांडीचा तराजू. एका पारड्यात कडेवर उभा असलेला माणूस, दुसऱ्यात पाण्यातली फिन. दांडी जेवढी लांब, तेवढं दुसरं पारडं जड हवं. ३० सेंटिमीटरची फिन तेवढा जोर पेलत नाही, तिच्यावरून पाण्याची पकड सुटते आणि बोर्ड घसरतो. जुन्या ऑलिंपिकमधला आरएस:एक्स बोर्ड ९३ सेंटिमीटर रुंद होता, तर पुरुषांना ६६ सेंटिमीटरची फिन होती. पॅरिस २०२४ पासून ऑलिंपिकही फॉइलवर गेलं, आणि माझ्यासारख्यांनी तो हिशेबच सोडून दिला. ह्या फ्योर्डमधली अडचण नेमकी इथे आहे. पाणी म्हणतं फिन आखूड लाव, बोर्ड म्हणतो लांब लाव. ह्या दोघांच्या भांडणात मी नेमका पाण्याच्या बाजूने उभा राहिलो होतो.

ते त्यांच्या गाडीकडे गेले आणि मोज्यात गुंडाळलेली एक फिन घेऊन आले. ५० सेंटिमीटरची, सरळ उभी, काळी, खोल डोक्याची. कड हाताला लागली तर कापेल अशी. बोल्ट त्याच मोज्यात. "उद्या," एवढंच म्हणाले. माझं नाव विचारलं नाही, कुठे उतरलोय ते विचारलं नाही. मला हे फार भिडलं. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे पान वाढणं, पुन्हा पुन्हा आग्रह करणं. इथे एका माणसाने आपली धारदार वस्तू परक्याच्या हातात दिली आणि पाठ फिरवून तो गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं बदललं. फॉइलसाठी बूम उंच लावतो, ती चार बोटं खाली घेतली. हार्नेसच्या दोऱ्या पुढे सरकवल्या, डोलकाठीचा पाया दोन बोटं मागे. फॉइलचा मोठा पंख दांडीच्या बराच पुढे असतो, म्हणून तिथे सगळा भार पुढच्या पायावर ठेवायची सवय लागते. फिन मागच्या पायाच्या जवळजवळ खालीच असते. तीन वर्षांची सवय मोडायला अर्धा तास गेला. नाक जड व्हायचं, बोर्ड पाणी ढकलत राहायचा. आखूड, जाड बोर्ड आहे तो, संथ पाण्यात परातीसारखा चालतो. फॉइलवर १२ नॉटला उडणारा मी इथे १८ नॉटची वाट बघत होतो.

मग जोराची झुळूक आली, मी मागच्या पायाने हळूच रेटा दिला, आणि ह्या वेळी पायाखाली काहीतरी होतं. भिंतीला पाय लावून ढकलावं तसं. बोर्ड पुढे सुटला आणि पाणी वाजायला लागलं.

तो आवाज मी विसरलो होतो. तळाखाली लाटा एकामागून एक फुटतात, आधी टाळ्यांसारख्या, मग इतक्या भरभर की कापड फाटत राहावं तसा एकच आवाज होतो. गुडघ्यांना हादरे बसतात, तोंडावर शिंतोडे येतात, खारट नाहीत, गोडेही नाहीत, मचूळ. खाली वाळू स्वच्छ दिसत होती, तिच्यावरच्या रेषा माझ्याबरोबर पळत होत्या, हात घातला असता तर लागल्या असत्या इतक्या जवळ. जिथे परवा बरगडी शेकली होती तोच उंचवटा अंगाखालून निघून गेला, फिनच्या टोकाला वाळूने निसटती जीभ लावल्यासारखी वाटली, आणि पुढे पाणीच पाणी.

लेक कंबरभर पाण्यात उभी होती. नऊ वर्षांची आहे. तिच्या जन्माआधीपासून मी हे करतोय, पण गेली तीन वर्षं तिने मला फक्त दुरून, वर उचललेला, गप्प जाताना पाहिलं होतं. फॉइल घेऊन मुलांच्या जवळ जाता येत नाही, खाली सुरी फिरत असते. फिनही धारदारच, पण बोर्ड पाण्याला टेकलेला आणि वेग माझ्या ताब्यात. मी तिच्यापासून वीस हातांवरून गेलो. ती ओरडली, "बाबा, आज आवाज येतोय!" वळून परत आलो, पुन्हा गेलो. ती दर वेळी माझ्या लाटेत उडी मारत होती.

मंगळवार अख्खा पावसात गेला. बायको आणि लेक १९०६ सालचं लिंगव्हिग दीपगृह चढून आल्या, मी गेलो नाही, बरगडी दुखत होती.

शेवटच्या संध्याकाळी फिन परत द्यायला गेलो. स्वच्छ धुऊन, त्याच मोज्यात घालून. त्यांनी बाहेर काढली, कडेवरून अंगठा फिरवला आणि टोकापाशी थांबले. वाळूने एक बारीक चरा पाडला होता. मी ओशाळलो, भरून देतो म्हणालो. त्यांनी ऐकलंच नाही, गाडीतून पाण्याचा पॉलिश पेपर आणि वाटीभर पाणी काढलं, खुर्ची ओढली. मग माझ्याकडे बघून अर्धा पेपर फाडून पुढे केला. मी जाऊन फुटका पंख घेऊन आलो. त्यांच्या शेजारी वाळूत बसलो. ते फिनच्या कडेला, मी पंखाच्या, दोघंही सावकाश, एकाच दिशेने. साडेदहा वाजले तरी उजेड होता.