मायक्रोबिटएक्सला टचस्क्रीन लावली तेव्हा

माझा मायक्रोबिटएक्स, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओचा बोलायचा-ऐकायचा सेट, चौथ्या आवृत्तीचा. हैदराबादच्या अशर फरहान यांचं हे डिझाइन. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, साधारण १० वॅट, आत अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर आणि समोर दोन ओळींची निळी एलसीडी. बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) बदलायचा तर नॉब दाबा, मेन्यूत शिरा, फिरवा, परत दाबा. तोवर सीक्यू (‘कोणी आहे का?’ अशी हाक) देणारा दमून निघून गेलेला. सहाव्या आवृत्तीला टचस्क्रीन बसवूनच येते, पण चालता सेट बाजूला ठेवून नवा घ्यायचं जिवावर आलं (आणि घरी विचारायचंही). म्हणून २.८ इंची नेक्स्टियन टचस्क्रीन मागवली.

नॅनोत केडी८सीईसी या कॉलसाइनच्या हॅमचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) आधीपासून होतं. आता त्याचीच नेक्स्टियनवाली आवृत्ती भरायची होती. त्याआधी कॅलिब्रेशन आणि बीएफओचे (आवाज उलगडणाऱ्या आतल्या ऑसिलेटरचे) आकडे लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि वहीतही लिहिले. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच झाली.

स्क्रीनवरची चित्रं, बटणं मायक्रोएसडी कार्डातून भरता येतात. कार्ड फॅट३२ केलं, घातलं, तर स्क्रीनवर एरर. कार्डावर मी २.४ आणि २.८ इंचाच्या दोन्ही फायली टाकल्या होत्या, तिला एकच लागते. मग जोडणी. एलसीडी काढली की मोकळ्या होणाऱ्या पिनांवरच काम भागतं, तारा चारच: पाच व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स (डेटा पाठवणारी), आरएक्स (डेटा घेणारी). स्क्रीन उजळली, पण आकडे जागचे हलेनात. तासभर फर्मवेअरला शिव्या दिल्या. मी टीएक्सला टीएक्स जोडलं होतं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं असतं! दोन तारांची अदलाबदल केली आणि ७.१५०.०० असे ठसठशीत आकडे आले.

दहा मिनिटांत व्होल्टेज उतरवणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला बोट लागलं आणि चटकाच बसला. बाराचे पाच करताना सात व्होल्टची उष्णता होते, त्यात मी स्क्रीनचाही भार त्याच ७८०५वर टाकलेला. स्क्रीनला वेगळा ७८०५ दिला, त्याला ॲल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने आवळला. मग हेडफोनमध्ये बारीक टिकटिक. एस-मीटरची (सिग्नलचा जोर दाखवणारी) पट्टी हलली की टिक. माझ्या तारा वीतभर लांब, उघड्या आणि ऑडिओच्या वायरला खेटून गेलेल्या. त्या आखूड केल्या, माइकची शील्डेड वायर वापरली, फेराइटच्या कड्यातून दोन वेढे घेतले. आता अँटेना काढली तरच टिकटिक ऐकू येते. अँटेना लावली की ४० मीटर बँडचा नेहमीचा खरखराट तिला गिळून टाकतो.

वापरायला कशी? बँड बदलणं एका बोटाचं काम झालं. थेट फ्रिक्वेन्सी टाकता येते. स्क्रीन रेझिस्टिव्ह आहे, म्हणजे मोबाइलसारखी हळुवार चालत नाही, दाबावी लागते. नखाने किंवा पेन्सिलच्या मागच्या टोकाने जास्त बरं जमतं. पण स्टेशन शोधायला नॉबच हवा. एसएसबीत (हॅमच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) माणसाचा आवाज बदकासारखा येत असतो, आपण अलगद फिरवतो आणि एका क्षणी बदकाचा माणूस होतो. ते कान आणि मनगट मिळून करतात. स्क्रीनवर बोट ठेवलं तर खालचे आकडेच झाकले जातात. पुरा सेट स्क्रीनवरून चालवायचा माझा बेत पहिल्याच संध्याकाळी बारगळला. नॉब होता तिथेच आहे, फक्त त्याला आता मेन्यूत शिरावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या नेटवर (हॅम मंडळींच्या ठरलेल्या रेडिओ-गप्पांत) मोठ्या उत्साहात सांगितलं, "काका, सेटला रंगीत टचस्क्रीन लावली."

"अरे वा," पलीकडून आलं. "पण ती मला इथून कशी दिसणार रे? सिग्नलचा रिपोर्ट कालचाच, पाच-सात."