पूर्ण वर्तमानकाळाची अट
नाशिकमध्ये इंग्रजी शिकवताना माझा सर्वाधिक वेळ पूर्ण वर्तमानकाळावर जातो, आणि तो जायलाच हवा असे मला मनापासून वाटते. ‘मी कालच पंचवटीत आलो आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे; इंग्रजीत मात्र ‘यस्टर्डे’ असा संपलेला काळ सांगितला की ‘हॅव कम’ चालत नाही, ‘केम’च लागते. उलट, ‘मी २०१५ पासून नाशिकमध्ये राहतो’ यातला साधा वर्तमानकाळ इंग्रजीत अपुरा पडतो, कारण तेव्हा सुरू झालेले वास्तव्य आजही चालू आहे हे सांगण्यासाठी ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ असेच म्हणावे लागते. नुसते ‘आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स’ म्हटले, तर ऐकणारा बहुधा तुम्ही हे शहर सोडले असेच समजेल.