तंबूतली रात्र कोणाला आवडते?

तंबूत रात्र काढायला आवडते का, या प्रश्नाला आपल्याकडे फार ठाम उत्तरे मिळतात. ज्यांना आवडते ते आकाशातले तारे, शेकोटी आणि पहाटेचा गार वारा यांविषयी भरभरून बोलतात. ज्यांना आवडत नाही ते घरात चांगला पलंग असताना पैसे मोजून जमिनीवर का झोपायचे, एवढाच प्रश्न विचारून विषय संपवतात. मी पहिल्या गटातला आहे. तरीही दुसऱ्या गटाच्या लोकांना निसर्गाची ओढ नसते, असे आमच्यापैकी काही जण ज्या सहजतेने म्हणून टाकतात ते मला पटत नाही. त्यांच्या तक्रारी खऱ्या असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना साधी भौतिक कारणे असतात. तंबूतली रात्र सुखाची होणार की शिक्षेची, हे त्या रात्रीआधीचा दिवस कसा गेला यावरच बरेचसे ठरते, असे माझे मत आहे.

आधी तक्रारींकडे वळू. पहिली तक्रार थंडीची असते. सह्याद्रीतल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हिमालयासारख्या नसल्या, तरी जमिनीवर झोपलेल्या माणसाला गारठा वरून जेवढा लागतो त्यापेक्षा अधिक खालून लागतो, कारण अंगाची ऊब जमीन सतत ओढून घेत असते. अंगावर दोन पांघरुणे घेऊनही पाठ गार पडते ती यामुळे. हवा भरलेली साधी गादी मऊ असते, पण तिच्या आतली हवा खेळत राहते आणि ऊब टिकत नाही. दिसायला दरिद्री असलेली फोमची चटई त्या मानाने अधिक उपयोगी ठरते. तंबू पाण्याच्या अगदी काठाला किंवा खोलगट जागेत लावला तर त्रास वाढतो, कारण थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून खाली येऊन तिथेच साचते. छायाचित्र चांगले येते ती जागा आणि झोप चांगली लागते ती जागा या सहसा एक नसतात.

दुसरी तक्रार ओलीची. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळताना दिसले की लोक तंबू गळका असल्याचा निष्कर्ष काढतात. वास्तविक ते पाणी बहुधा झोपलेल्यांच्याच श्वासातले असते. बंद तंबूत दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर किंवा त्याहून अधिक पाणी बाहेर पडते आणि ते गार कापडावर जमते. थंडी वाजते म्हणून सगळ्या फटी घट्ट लावून घेणारा माणूस सकाळी जास्त भिजलेला असतो. एखादी खिडकी किंचित उघडी ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, पण कुडकुडणाऱ्या माणसाला तो रात्री दोन वाजता पटवून देणे अवघड जाते. शिवाय दोघांचा म्हणून विकला जाणारा तंबू म्हणजे दोन चटया शेजारी शेजारी मावतील एवढी जागा असते, दोघांच्या पिशव्या आणि एकाचे घोरणे त्यात धरलेले नसते.

तिसरी तक्रार शौचाच्या सोयीची, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर तीच. पुरुषांच्या गप्पांत तिचा उल्लेख विनोदापुरता येतो. बायका मात्र कॅम्पिंगला जायचे ठरल्यापासून तिचाच विचार करत असतात. दुपारपासून पाणी कमी पिणे, अंधार पडण्याची वाट पाहणे, सोबतीला कोणाला तरी उठवणे, पाळीची तारीख पाहून नकार देणे, हे सर्व मी माझ्या बहिणीकडून आणि मैत्रिणींकडून इतक्या वेळा ऐकले आहे की एखाद्या बाईने तंबूला नाही म्हटले तर मी पुढचा प्रश्न विचारत नाही. डोकेदुखी झाली की उंचीला किंवा उन्हाला दोष दिला जातो. दिवसभर पाणीच प्यायलेले नाही, हे कोणी सांगत नाही. कुटुंबासह गेलेल्या बाईच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. घरचा स्वयंपाक टाळण्यासाठी म्हणून गेलेल्या सहलीत तीन दगडांच्या चुलीपुढे धुरात बसून भाताचे पातेले सांभाळायला अखेर तीच असते. तिने हा अनुभव आवडून घ्यावा अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे.

एवढ्या तक्रारी खऱ्या असूनही माणसे जातात, आणि त्यातली काही पुन्हा पुन्हा जातात. हा फरक कुठून येतो, हे पाहायला मावळातला पवना धरणाचा परिसर आणि अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहावीत.

लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या मधल्या खोऱ्यात पवनेचा जलाशय पसरलेला आहे, आणि पुण्या-मुंबईहून तो जवळ असल्यामुळे त्याच्या काठाने तंबूंच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या आहेत. दुपारनंतर गाडीने यायचे, तंबू आधीच लावलेला असतो, संध्याकाळी भजी आणि चहा, रात्री कोळशावर भाजलेले कोंबडीचे किंवा पनीरचे तुकडे, मोठ्या आवाजातली गाणी, त्यानंतर जेवण, सकाळी पोहे, आणि ऊन तापायच्या आत परत. धरणात जमिनी गेलेल्या गावांतल्या तरुणांना यातून रोजगार मिळतो, त्यामुळे या व्यवसायाकडे तुच्छतेने पाहणे मला योग्य वाटत नाही. पण तंबूविषयी कायमचा राग धरून बसलेली जी माणसे मला भेटली, त्यांतले बहुतेक जण अशाच एखाद्या रात्रीची हकिगत सांगतात, आणि ते स्वाभाविक आहे. या व्यवस्थेत पाहुण्याचे सगळे काम काढून घेतलेले असते आणि गैरसोय मात्र जशीच्या तशी शिल्लक ठेवलेली असते. दिवसभर गाडीत बसलेले, न दमलेले, भरपेट जेवलेले शरीर रात्री एक वाजता पातळ चटईवर आडवे होते, शेजारच्या गटाची गाणी अजून चालू असतात, आणि झोप येण्याचे काहीही कारण नसते. हॉटेलाच्या खोलीत एवढ्या गोष्टी बिघडल्या असत्या तर माणसाने व्यवस्थापकाला बोलावले असते. इथे त्याने निसर्गाचा आनंद घ्यावा अशी अपेक्षा असते.

हरिश्चंद्रगडावर गैरसोय कमी नाही, उलट जास्तच आहे. पाचनईहून चढायला दोन-तीन तास लागतात, खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे त्याहून बरेच अधिक. 1424 मीटर उंचीच्या या गडाचा माथा विस्तीर्ण आहे, आणि पठारावर पुष्कळ ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली लगेच कातळ लागतो. खुंट्या आत जात नाहीत, त्यामुळे तंबूचे ताण मोठाल्या दगडांना बांधावे लागतात. कोकणकड्याच्या बाजूला दरीतून वर येणारा वारा तंबूचे कापड रात्रभर फडफडवत ठेवतो, आणि कड्याच्या धारेजवळ तंबू लावणे तर निव्वळ वेडेपणा आहे. माकडे पिशव्या उघडतात. फुरशाच्या भीतीने सकाळी बूट झटकून घालावे लागतात. तरीसुद्धा हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळच्या लेण्यांत किंवा पठारावरच्या तंबूत रात्र काढून आलेली माणसे त्या रात्रीबद्दल सहसा वाईट बोलत नाहीत. दिवसभर चढून, पाणी वाहून आणून, जागा शोधून, दगड गोळा करून थकलेल्या माणसाला आठ-साडेआठलाच डोळे मिटावेसे वाटतात. पाठीखाली काय आहे याची चौकशी करायला तो जागाच राहत नाही. आता गडावर स्थानिक लोक पिठले-भाकरी देतात, तंबूही भाड्याने देतात, म्हणजे तिथेही काम थोडे कमी झाले आहे. पण चढ कोणी आपल्यासाठी चढून देत नाही, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग तोच आहे.

याच अर्थाने आपल्याकडचा सर्वांत मोठा तंबूतला मुक्काम म्हणजे आषाढी वारी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर चालताना दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते, मुक्कामाच्या गावी राहुट्या उभ्या राहतात, आणि एकेका राहुटीत माणसे दाटीवाटीने झोपतात. पावसाळा असतो, चिखल असतो, खाली एक ताडपत्री आणि वर घरून आणलेली वाकळ. साठी ओलांडलेल्या बायका मोठ्या संख्येने असतात. शौचाचा प्रश्न तिथेही वर्षानुवर्षे बिकट होता. अलीकडच्या काळात ‘निर्मल वारी’ उपक्रमातून मुक्कामांवर फिरती शौचालये येऊ लागली, त्यामुळे तो काहीसा हलका झाला आहे. वारीमागची श्रद्धा वेगळी आणि आमची हौस वेगळी, हे मला मान्य आहे, आणि दोन्ही एका मापाने मोजण्याचा माझा हेतू नाही. परंतु गैरसोयीमुळेच माणसांना तंबू नकोसा होतो हे म्हणणे या लाखो लोकांपुढे टिकत नाही. दिवसभर चाललेले पाय, आजूबाजूला ओळखीची माणसे, आणि पहाटे उठून काय करायचे आहे हे ठाऊक असणे, एवढे असले की राहुटीतल्या ओलीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

माझे एक काका सोलापूर जिल्ह्यात शेती करत. जोंधळा निसवला की रानडुकरांपासून राखण करण्यासाठी ते रात्र रात्र शेतातल्या माळ्यावर झोपत. मी हौसेने तंबू विकत घेतल्याचे कळल्यावर ते म्हणाले, “अरे, आम्ही माळ्यावर झोपलो ते पीक वाचवायला. तू कशाची राखण करणार आहेस?” ज्यांचे अर्धे आयुष्य खळ्यावर, अंगणात, गच्चीवर किंवा माळ्यावर झोपण्यात गेले, त्यांना उघड्यावर झोपण्याचे अप्रूप नसणे साहजिक आहे. आणि दरवर्षी हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात बांबू, पाचट आणि प्लास्टिकच्या कोप्यांत महिनोन् महिने राहणाऱ्या ऊसतोड कामगारांसमोर आपल्या या आवडीनावडीची चर्चा करायला मला संकोच वाटेल. परत जायला पक्के घर आहे, आणि ही रात्र आपण स्वतः निवडलेली आहे, या दोन गोष्टी आम्ही हौशी लोक इतक्या गृहीत धरतो की त्या आमच्या आनंदाच्या हिशेबात कधी दिसतच नाहीत.

यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या मोहिमांना मराठी माणसे मोठ्या संख्येने का जातात, याचे उत्तरही मला याच दिशेने सापडते. हिमाचलातल्या कसोलला तळ असलेल्या सार पास या खिंडीच्या मोहिमेत तंबू सामायिक असतात, अनोळखी माणसांच्या शेजारी झोपावे लागते, आपले ताट आपण गार पाण्याने धुवावे लागते. सोयींच्या दृष्टीने पाहिले तर पवनेच्या काठावर यापेक्षा बरे मिळते. पण रोजची चाल, ठरलेल्या वेळचा चहा, शिस्त आणि वाटून घेतलेली कामे यांमुळे त्या गैरसोयीला एक जागा मिळते. बँकेत किंवा शाळेत आयुष्यभर नोकरी केलेले, घरी चहाचा कप उचलून न ठेवणारे गृहस्थ तिथे मुकाट्याने ताट घासताना मी पाहिले आहेत. घरी परतल्यावर ती सवय टिकते का, याची चौकशी त्यांच्या पत्नीकडे करावी.

या माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत, आणि ते मी लपवू इच्छित नाही. लहान मुलांना दमण्याची अट लागू होत नाही. त्यांना तंबू दिवाणखान्यात लावून दिला तरी तेवढाच आवडतो, कारण मोठ्यांना वाकून आत यावे लागेल अशी जागा त्यांना एरवी मिळत नाही. काजव्यांसाठी जाणारेही वेगळे. मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, पाऊस पडायच्या बेतात असताना भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडे रात्री लुकलुकू लागतात, आणि ते पाहण्यासाठी रात्र तिथे घालवण्याशिवाय पर्याय नसतो. त्या दिवसांत उकाडा असतो, डास असतात, अचानक वळवाची सर येते. पण तंबू तिथे निमित्तमात्र असतो, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी मत बनवत नाही. तिथे खटकतात ती गाड्यांचे दिवे झाडांवर मारणारी आणि विजेऱ्या फिरवणारी माणसे. काजव्यांचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो आणि आपल्या उजेडात तो बुडून जातो, एवढे समजून घ्यायला फार अभ्यास लागत नाही.

उरतात ती खरोखर दमूनही तंबूत न झोपणारी माणसे. माझा एक जवळचा मित्र उत्तम चालतो, पाठीवर ओझे घेऊन कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीपर्यंत माझ्या आधी पोहोचतो, पण कापडाच्या भिंतींमागे त्याला झोप येत नाही. पानांवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला की तो पहाटेपर्यंत बसून राहतो. त्याला समजावण्यात अर्थ नाही, आणि त्याची गरजही नाही. आम्ही दोघे मिळून राजमाचीला जातो तेव्हा उधेवाडीत गावातल्या एका घरी उतरतो. घरची तांदळाची भाकरी आणि भाजी मिळते, पडवीत सतरंजी मिळते, मागे बांधलेले शौचालय असते आणि पैसे थेट त्या घराला जातात. तो पडवीत भिंतीला टेकून झोपतो, मी वाटले तर अंगणात तंबू लावतो, आणि सकाळी राजमाचीच्याच श्रीवर्धन या बालेकिल्ल्याकडे निघताना दोघांपैकी कोणीही रात्रीचा विषय काढत नाही.