जगमध्ये किती पाणी घालावं?

आज फोंड्यात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसाठी छोट्या जगमधून पेल्यात पाणी ओतायचं काम मांडलं होतं. बाहेर धो धो पाऊस, आत फरशी आधीच दमट. तरीही पाणी फारसं सांडलं नाही, कारण जगमध्ये पाणी बेतानंच होतं.

या वयाचं मूल पेला भरला म्हणून थांबत नाही, जग रिकामा होईपर्यंत ओततं. म्हणून पेला ८० मिलीचा असेल तर जगमध्ये ६० मिलीच घालायचं. जग काचेचा, मुठीत मावेल अशा कानाचा. आतलं पाणी दिसलं पाहिजे. ट्रेमध्ये स्पंज आणि दुमडलेलं सुती फडकं हवंच. पुसणं हा त्याच कामाचा भाग आहे, शिक्षा नव्हे!

दाखवताना बोलू नका. तोंड चाललं की मूल तोंडाकडे बघतं, हातांकडे नाही. सावकाश ओता, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा, मग जग खाली ठेवा. आणि सांडलं की लगेच धावून जाऊ नका, हे शिकवणाऱ्या ताईंना सगळ्यात जड जातं.

पाण्याआधी कोरडं ओतणं द्यायचं म्हणून पुष्कळ ठिकाणी चणे, कोकमाच्या बिया ठेवतात. तीन वर्षांखालच्यांना ते नकोच, घशात अडकतात. सुमारे ३.२ सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावेल ती वस्तू या मुलांच्या हाती द्यायची नाही. त्यापेक्षा थेट पाणीच द्या.

पावसाळ्यात लाकडी ट्रेला बुरशी धरते, तेव्हा रोज पुसून उभे करून वाळवा.