दोन पुस्तकांच्या मधली जागा

कथा-कादंबऱ्यांचं वाचन बहुतेक वेळा एखादं पुस्तक संपल्यावर सुटतं. हातातली कादंबरी संपते, पुढची ठरलेली नसते, रविवारी पुस्तक बदलायला जाऊ असं म्हणता म्हणता पावसाळा उलटतो. चाळीस-पन्नास वर्षं आवडीने वाचत राहिलेल्या माणसांची शिस्त पाहिली तर ती या मधल्या जागेपुरतीच असते. पुस्तक हातात आल्यावर शिस्त लागत नाही, ते स्वतःच ओढून नेतं.

आधी थोडा हिशोब. रोज वीस पानं वाचली की वर्षाला 7,300 पानं होतात, म्हणजे तीनशे पानी कादंबऱ्या 24. तिशीपासून सत्तरीपर्यंत धरल्या तर 960. खूप वाटतात, पण दोन पुस्तकांमध्ये दरवेळी फक्त पंधरा दिवस रिकामे गेले तर वर्षाच्या 24 वरून आपण बारा-तेरावर येतो. वाचायचा वेग वाढवून हे नुकसान भरून निघत नाही, आणि कादंबरी भरभर वाचण्यात सुख तरी कुठलं!

म्हणून पुढचं पुस्तक घरात कधी आणायचं ते ठरवून टाका: हातातल्या पुस्तकाची शेवटची पन्नास पानं उरली की. आणि एक नको, तीन आणा. एक कादंबरी, एक कथासंग्रह आणि एक अगदी हलकं काहीतरी, रहस्यकथा म्हणा किंवा विनोदी. कारण पुस्तक संपल्यावर मन कुठे असेल ते आधी सांगता येत नाही.

मोठ्या कादंबरीनंतर हे फार जाणवतं. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांची आहे. इतके दिवस एका घराण्यात, एका नदीकाठी राहून आल्यावर पुढची कादंबरी बेचव लागते. दोष त्या नव्या पुस्तकाचा नसतो, कान अजून आधीच्या निवेदनाच्या लयीत असतो. इथे लोक लेखक बदलतात आणि पुन्हा कादंबरीच घेतात, ती तिसाव्या पानावर पडते. लेखकाबरोबर प्रकारही बदला. दहा-पंधरा पानांची एक कथा रोज, असं आठवडाभर करा. दिवाळी अंक यासाठी उत्तम. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाच्या घरात ही सोय आहे. फक्त सगळे अंक नोव्हेंबरात संपवायची घाई नको. दोन-तीन बाजूला ठेवले तर मे महिन्यापर्यंत पुरतात.

अशा दीर्घ कादंबऱ्यांत दुसरी अडचण नात्यांची. चौथ्या पिढीतला कोण कोणाचा, हे विसरलं की वाचक मागे पानं उलटतो, मग कंटाळतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने वंशावळ काढत जा आणि तोच कागद खूण म्हणून पानात ठेवा. पुस्तकाबरोबर आयती वंशावळ आलेली असली तरी आपली आपण काढावी. छापलेली आधी वाचली तर कोण कधी मरणार हेही कळून जातं.

बोलीतल्या कादंबऱ्यांना पहिली तीस-चाळीस पानं द्यावीच लागतात. उद्धव शेळके यांच्या 1960 सालच्या ‘धग’मधले वऱ्हाडी संवाद पुण्या-मुंबईच्या वाचकाला सुरुवातीला अडतात. प्रत्येक शब्दाला थांबून अर्थ शोधू नका. पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचा. डोळ्यांना अनोळखी वाटणारे शब्द कानाला बरेचदा ओळखीचे निघतात, आणि उरलेले पुढच्या प्रसंगांत उलगडतात.

अर्धवट सोडायचं कधी? पन्नास पानं वाचून ओढ लागली नाही तर सोडा, बोलीची अडचण असेल तर शंभर. पण वहीत दोन गोष्टी लिहा: कोणत्या पानावर सोडलं आणि का सोडलं. ‘लेखक उपदेश करतोय’ आणि ‘घरात आजारपण, लक्ष लागत नाही’ ही कारणं वेगळी आहेत. दुसऱ्या कारणाने सोडलेली पुस्तकं पाच वर्षांनी पुन्हा हाती घ्यावीत. त्यातली बरीच लागतात.

वहीचा विषय निघालाच आहे तर, सारांश लिहू नका. सारांशाचा गृहपाठ होतो आणि दहाव्या पुस्तकाला वही बंद पडते. सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, तीन-चार पात्रांची नावं आणि आवडलेलं एक वाक्य पान क्रमांकासह, इतकं पुरे. दहा वर्षांनी कथानक पुसट होतं, पण पात्राचं नाव वाचलं की घर, अंगण, भांडण सगळं वर येतं. प्रकाशक आणि आवृत्तीही लिहा, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीत तो पान क्रमांक उपयोगाचा राहत नाही.

सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं ते मुख्यतः परतीच्या तारखेसाठी. अनामत आणि मासिक वर्गणी भरली की तारीख पाठीशी लागते, आणि पुस्तक बदलायला गेलं की पुढचं हातात घेऊनच बाहेर पडता येतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, मुंबईचं 1898 पासून. अशा जुन्या ठिकाणी कधीच पुन्हा न छापलेल्या कादंबऱ्या सापडतात. देवघेवीच्या टेबलावर नुकती परत आलेली पुस्तकं आधी चाळा. तुमच्या गावातले वाचक सध्या काय वाचतात ते तिथे दिसतं.

आता डोळे. चाळिशीत कितीतरी लोक ‘हल्ली वाचनात मन लागत नाही’ म्हणतात, तेव्हा पहिली शंका चष्म्याची घ्या. जवळचा नंबर तपासताना आपण वाचतो तेच पुस्तक दुकानात न्या आणि नेहमीच्या अंतरावर, साधारण 35 ते 40 सेंटिमीटरवर, धरून पाहा. संगणकाचा पडदा साठेक सेंटिमीटरवर असतो, त्या अंतराचा नंबर कादंबरीला चालत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत, म्हणजे दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असतो तिच्यात, वाचायचा भाग खाली असतो. बिछान्यात आडवं पडलं की नजर काचेच्या मधल्या भागातून जाते, अक्षर पुसट होतं, मान वर करावी लागते आणि दहा पानांत ती दुखू लागते. झोपून वाचणाऱ्याने फक्त वाचनाच्या नंबरचा साधा वेगळा चष्मा उशाशी ठेवावा.

वयाबरोबर उजेडही जास्त लागतो. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली आकसते आणि भिंग पिवळट होतं. छतावरच्या ट्यूबलाइटवर भागत नाही. 8-9 वॅटचा एलईडी दिवा खांद्याच्या मागून, पुस्तकापासून दोन-अडीच फुटांवर लावा. समोरून लावला तर गुळगुळीत कागद चकाकतो. पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या, बारीक खिळ्यांत छापलेल्या जुन्या आवृत्त्या दिवसा खिडकीशी वाचाव्यात.

ई-वाचकावर, म्हणजे पुस्तकं वाचायच्या छोट्या यंत्रावर, अक्षर मोठं करता येतं, ही मोठीच सोय आहे, पण ती ईपबसारख्या, ओळी पडद्याप्रमाणे जुळवून घेणाऱ्या फाइलला. पान स्कॅन करून केलेली पीडीएफ सहा इंची पडद्यावर मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवावं लागतं. असली फाइल टॅब्लेटवरच उघडा.

डोळे अगदीच थकले की श्राव्य पुस्तकं आहेत. ती ऐकताना डुलकी लागते आणि दोन प्रकरणं पुढे निघून जातात, मग धागा तुटला म्हणून ऐकणंच सुटतं. पंधरा मिनिटांनी पुस्तक आपोआप थांबेल असा टायमर लावा. आणि सुरुवात पूर्वी वाचलेल्या कादंबरीने करा. तिथे मधलं एखादं प्रकरण झोपेत गेलं तरी पुढचा माणूस बोलू लागला की तो कोण ते लगेच कळतं.