तुम्ही विचारलंत म्हणून : वाइथ स्ट्रीटवरची लायब्ररी

“काळ्यांना दूर ठेवायला बांधलेली लायब्ररी, आणि तुझं तिच्यावर एवढं प्रेम?” वॉशिंग्टन बघायला आलेल्या पाहुण्यांना मी पोटोमॅक नदीपलीकडे अलेक्झांड्रिया शहरात नेते आणि परतताना गाडीत हा प्रश्न येतोच. गाडीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

दूर ठेवायलाच बांधली, हे मी कधीच नाकारलेलं नाही. 1939 मध्ये क्वीन स्ट्रीटवरची सार्वजनिक लायब्ररी फक्त गोऱ्यांसाठी होती. सॅम्युएल टकर हा तिथलाच तरुण कृष्णवर्णीय वकील. 21 ऑगस्टला त्याने आखल्याप्रमाणे पाच तरुण एकेक करून आत गेले. कार्ड मागितलं, नकार मिळाला, तसं शेल्फवरचं पुस्तक काढून प्रत्येक जण वेगळ्या टेबलावर वाचत बसला. पोलिसांनी त्यांना अटक केली. आरोप शांतताभंगाचा! न्यायाधीशांनी निकाल दिलाच नाही; ते आरोप रद्द व्हायला 2019 उजाडलं. शहराने मात्र 1940 मध्ये घाईघाईने वाइथ स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी रॉबर्ट रॉबिन्सन लायब्ररी उभी केली. लहानशी इमारत, वापरलेलं फर्निचर, वापरलेली पुस्तकं. क्वीन स्ट्रीटच्या कार्डाऐवजी हे कार्ड मी कधीही घेणार नाही, असं टकरने लेखी कळवलं.

ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्णपणे त्याच्या बाजूची होते. आठवीत असताना वर्गातल्या मैत्रिणीबरोबर मी गावच्या वाचनालयात गेले होते. तिने पुस्तक निवडलं, त्याची नोंद झाली. मग मी माझं पुस्तक टेबलावर ठेवलं. तिथल्या काकांनी आडनाव विचारलं. पुस्तक उचलून आपल्या बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “तुमच्याकडे समाजमंदिरात आहे की वाचनालय. तिथं वाच ना, बाळा.” आवाज जराही चढला नव्हता. ओरडले असते तर मला उलट बोलता आलं असतं. ‘बाळा’ला काय उत्तर द्यायचं? मैत्रीण मान खाली घालून वहीत सही करत होती. वर्गणीचे पैसे मुठीत तसेच धरून मी पायऱ्या उतरले. घरी सांगितलं तर बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी समाजमंदिरातल्या कपाटाची किल्ली आणून दिली.

त्या कपाटातलं सगळं मी वाचून काढलं. बाबासाहेबांचे खंड, जुने दिवाळी अंक, पानं सुटलेल्या कादंबऱ्या. पुढचं माझं सगळं शिक्षण त्या कपाटावर उभं आहे. विशीतली मी म्हणायची, त्याचंच नाव सांगून तुला हाकललं, त्याचं कौतुक कसलं? आज मी तिला विचारते, ते भरलं कोणी? वस्तीतल्या माणसांनी, मजुरीतून पैसे काढून. हाकलणाऱ्याच्या तोंडी त्याचं नाव आलं म्हणून ते त्याचं होतं का?

रॉबिन्सन लायब्ररी शहराने बांधली होती, हा फरक मला दिसतो. पण नंतरचं बघा. 1959 मध्ये क्वीन स्ट्रीटचं दार प्रौढ कृष्णवर्णीयांना उघडलं आणि पुढे वाइथ स्ट्रीटची लायब्ररी बंद पडली. ती इमारत 1983 मध्ये पुन्हा उघडली ती पार्कर-ग्रे या कृष्णवर्णीयांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि वारसा जपणाऱ्या तिथल्या लोकांनी. आज तिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे आणि शेजारी वॉटसन वाचनकक्ष आहे, त्याच इतिहासाच्या पुस्तकांचा. टकरने नाकारलेल्या वास्तूतच आता टकरचा लढा सांगितला जातो.

तरी टकर चुकला असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. सगळ्यांनीच निमूटपणे ते कार्ड घेतलं असतं, तर क्वीन स्ट्रीटचं दार कोणी ठोठावलं असतं? आणि 1940 मध्ये आठ वर्षांची असलेल्या मुलीने काय करायचं होतं? सत्तावीस वर्षांची होईपर्यंत थांबायचं? तिला पुस्तक त्याच वर्षी हवं होतं. या दोघांत मला निवड करता येत नाही, आणि ती करायला लावणाऱ्यांचा मला राग येतो.

म्हणून पाहुण्यांना मी आधी क्वीन स्ट्रीटवर नेते, मग वाइथ स्ट्रीटवर. कितीही उशीर झाला असला, तरी यातलं एकही ठिकाण गाळू देत नाही.