जैसे थे!

बातम्यांत रेपो दर 'जैसे थे' असतात, गल्लीतले खड्डे 'जैसे थे' असतात आणि जमिनीच्या वादात कोर्ट 'जैसे थे'चा आदेश देतं. दर अनेक असोत, रस्ता एकच असो की परिस्थिती स्त्रीलिंगी असो, 'थे' काही बदलत नाही. मराठीने हिंदीतला हा तुकडा अख्खाच उचलला. परेड ग्राउंडवर हेच दोन शब्द हुकूम म्हणून ऐकणाऱ्याला मात्र या वापराची गंमत वाटते. कारण तिथे 'जैसे थे' ऐकल्यावर कुणी जागच्या जागी राहत नाही. सगळी स्क्वॉड, म्हणजे कवायतीची तुकडी, हलते.

इंग्रजी ड्रिलमधली 'ॲज यू वेअर' ही कमांड एनसीसीत आणि पोलिसांत 'जैसे थे' म्हणून देतात. आत्ता केलेली हालचाल रद्द, आधीच्या स्थितीत परत या. आणि पुढचं न बोलताच समजतं: आता तीच पुन्हा करायची आहे.

'दाहिने मुड' घ्या. 'दाहिनेऽऽ' लांबवून म्हणायचं, 'मुड' तोडून. 'मुड'वर उजवी टाच आणि डावा चवडा यांच्या आधाराने अंग 90 अंशांत फिरतं. वजन उजव्या पायावर, गुडघे ताठ, हात मांडीला चिकटलेले. हा झाला 'एक'. मग 'दो-तीन' एवढा वेळ थांबायचं आणि पुढच्या 'एक'ला डावा पाय उजव्याला आणून मिळवायचा. ऐकायला सोपं आहे. पण 'दाहिनेऽऽ' पुरतं संपायच्या आत कुणीतरी वळलेला असतो. फिरताना कुणाचा कोपर बाहेर येतो. टाचेऐवजी उजव्या चवड्यावर फिरलं की माणूस जागेवरून सरकतो आणि लाइन वाकडी होते. सगळ्यात जास्त चूक मधल्या थांब्याची. 'दो-तीन' गिळलं की पाय एका आवाजात पडत नाहीत, पत्र्यावर गारा पडल्यासारखे पडतात. मग 'जैसे थे!' आणि सगळे परत समोर तोंड करून सावधानमध्ये.

चांगला उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारा, नुसतं 'जैसे थे' म्हणून थांबत नाही. 'अगली लाइन, बाएँ से तीसरा, कोहनी' असं जागेवर बोट ठेवतो. चूक न सांगता चार-पाच वेळा परत पाठवलं तर स्क्वॉड बिचकते. पुढची हालचाल अर्धवट, वाट बघत होते आणि मग ती खरोखरच बिघडते.

चूक उस्तादाचीही असू शकते. 'बाएँ' म्हणायचं होतं, तोंडातून 'दाहिने' गेलं, तर 'मुड' उच्चारण्याआधीच 'जैसे थे' म्हणून तो स्वतःची कमांड मागे घेतो. ब्रिटिश सैन्यात ही सवय बोलण्यातही उतरली आहे. 'परेड सहा वाजता, ॲज यू वेअर, सात वाजता.' आपण 'नाही, चुकलो' म्हणतो तसंच. अधिकारी खोलीत आल्यावर सगळे उठून उभे राहिले की तोही हेच म्हणतो: बसा, तुमचं चालू द्या.

या कमांडची मर्यादा अशी की ती उभ्या स्क्वॉडलाच लागू पडते. मिनिटाला 120 पावलं, 30 इंचांचं एक पाऊल, अशा 'तेज चल'मध्ये निघालेली माणसं उलट पावली आणणार कशी? आधी 'थम', मग पुन्हा मूळ जागी, मग पहिल्यापासून. शिवाय हा सरावाचा शब्द आहे. 1 मेला शिवाजी पार्कच्या संचलनात तो ऐकू आला, तर कमांडरला पुढे बरेच दिवस ऐकून घ्यावं लागेल.

कोर्टाचा 'जैसे थे' याच्या बरोबर उलटा: कुणी हलायचं नाही. ग्राउंडवर 'जैसे' म्हणजे कसे, याचा वाद होत नाही, शेवटच्या कमांडच्या आधी जसे होतात तसे. कोर्टात तोच वाद मुख्य होतो. एक पक्ष म्हणतो भिंत उभी होती, दुसरा म्हणतो नुसता पाया खणला होता. म्हणून जाणता वकील आदेशात कोणत्या तारखेची स्थिती ते लिहून घेतो आणि जमलं तर कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणीही करून घेतो.